आपल्या लेकीसुनांची उंची आणि वजन

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात महिला शाखेच्या वतीने केलेले भाषण)



शिक्षण, हुंडा, विवाहातील खर्च, सहकार अशा विषयांवर या व्यासपीठावरून आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. आज आम्ही जो विषय आपणांपुढे मांडीत आहोत, तो ऐकून काहींस नवल वाटेल, काहींस किंचित संकोचही वाटेल. आपल्या स्त्रियांची उंची आणि वजन हा तो विषय होय. हा विषय जाहीर सभेत बोलण्याचा नव्हे, असे ज्यांस वाटते त्यांना आमचे नम्र सांगणे एवढेच, की आपल्याच वधूवर परिचय पुस्तिकेत नाव, जन्मतारीख आणि शिक्षण यांच्या जोडीला मुलीची उंची आपण दरवर्षी छापतोच. ‘अपेक्षा’ या सदरात ‘उंच व सडपातळ’ असे शब्दही छापतो. ज्या आकड्यावरून मुलगी पसंत वा नापसंत ठरते, तो आकडा येतो कोठून, याचा विचार करणे हे मंडळाचे कर्तव्य आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आपल्या देशातील प्रौढ स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पाच फूट आहे. पंजाब व हरियाणा या प्रांतांत ती यापेक्षा काहीशी अधिक, तर बिहार, झारखंड व मेघालय या भागांत काहीशी कमी आढळते. जगातील निरनिराळ्या देशांतील मोजमापे एकत्र करून शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाने २०१६ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात १९९६ साली जन्मलेल्या पिढीतील लाटव्हिया देशातील स्त्रिया सर्वांत उंच, सुमारे १७० सेंटिमीटर, आणि ग्वाटेमाला देशातील स्त्रिया सर्वांत ठेंगण्या, सुमारे १४९ सेंटिमीटर, असल्याचे दिसून आले. आपली जागा या यादीच्या खालच्या टोकाकडे आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली आहाराची प्रमाणे नव्याने ठरविली, तेव्हा प्रमाणभूत भारतीय स्त्री म्हणून १६२ सेंटिमीटर उंचीची व ५५ किलो वजनाची स्त्री कल्पिली. नीट वाढ होऊ दिल्यास आपली मुलगी कोठवर पोहोचू शकेल, याचा हा अंदाज आहे. प्रत्यक्ष सरासरी आणि हा अंदाज यांत दहा सेंटिमीटरांचे, म्हणजे जवळजवळ चार इंचांचे अंतर आहे. हे चार इंच जातात कोठे, हाच आजच्या भाषणाचा प्रश्न होय.

‘आमच्या घराण्याची काठीच लहान’ असे उत्तर आपल्याकडे तत्काळ मिळते. यात तथ्य आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. उंची ही पुष्कळ अंशी आईबापांकडून येते. बालरोगतज्ज्ञ मुलीच्या उंचीचा अंदाज बांधताना वडिलांच्या उंचीतून १३ सेंटिमीटर वजा करतात, त्यात आईची उंची मिळवितात आणि बेरजेचे अर्ध करतात. वडील १६८ व आई १५२ सेंटिमीटर असतील, तर मुलगी साडेत्रेपन्नाच्या, म्हणजे १५३.५ च्या आसपास यावी. त्याहून सात-आठ सेंटिमीटर अधिक वा उणी असली तरी ते स्वाभाविक समजावे. परंतु आईची स्वतःची उंचीच जर अपुऱ्या पोषणामुळे खुंटलेली असेल, तर हा हिशेबही उणा पडतो. ज्याला आपण घराण्याचा वारसा म्हणतो, त्यात कित्येकदा तीन पिढ्यांची उपासमार मिसळलेली असते.

याचे ठळक उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. तेथील स्त्रियांची सरासरी उंची शंभर वर्षांच्या अवधीत सुमारे २० सेंटिमीटरांनी वाढली. शंभर वर्षांत लोकांचे रक्त बदलत नाही. अन्न, पाणी, औषधपाणी आणि राहणी बदलते. काठी लहान म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानी घ्यावे.

आता मुलीची वाढ होते केव्हा, हे पाहू. तिचे तीन काळ आहेत. पहिला काळ आईच्या पोटातील, दुसरा जन्मापासून दोन वर्षांपर्यंतचा, आणि तिसरा साधारणतः दहाव्या वर्षापासून पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंतचा. या तीन काळांत जे हातचे गेले, ते पुढे भरून काढणे फार कठीण. हाडांची टोके एकदा जुळली, की कोणतेही चूर्ण वा टॉनिक उंची वाढवू शकत नाही. वर्तमानपत्रांतील तसल्या जाहिरातींवर कोणी पैसा खर्च करू नये.

पहिल्या काळाविषयी आपल्याच महाराष्ट्रात अतिशय मोलाचे संशोधन झाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ सालापासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील स्त्रियांचा, त्यांच्या गर्भारपणाचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. या शेतकरी घरांतील स्त्रियांची उंची सरासरी १५२ सेंटिमीटर आणि गर्भारपणापूर्वीचे वजन अवघे ४२ किलोच्या आसपास होते. त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी पावणेतीन किलोहूनही थोडे कमीच भरले. ज्या स्त्रियांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार होते, त्यांची बाळे अधिक भरलेली निपजली. ज्यांना गर्भारपणात शेतीचे व घरचे जड काम अधिक करावे लागले, त्यांची बाळे लहान राहिली. आणखी एक गोष्ट दिसली : ही बाळे दिसावयास कृश असली, तरी त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने अधिक होती. पुढील आयुष्यात मधुमेह जडण्याचे बीज येथे पडते, असे त्यांचे म्हणणे आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत दिवसभर ओणवी राहणारी आपल्या खानदेशातील गर्भार सून, आणि शिंदखेड्यासारख्या टंचाईच्या मुलखात डोक्यावर हंडे वाहणारी आपली भगिनी, या पुण्याकडील स्त्रियांहून फार निराळी नाही.

दुसऱ्या काळाबद्दल थोडक्यात सांगतो. सहा महिने केवळ आईचे दूध, त्यानंतर आईच्या दुधाबरोबर घट्टसर वरणभात, मऊ भाकरी, भाजी, अंडे चालत असल्यास अंडे, हा क्रम असावा. आपल्याकडे बाळाला वर्षभर पातळ पेजेवर वा बिस्किटांवर ठेवण्याची चाल आहे, ती सोडावी. दुसरे, वारंवार होणारी हगवण बाळाची वाढ खाऊन टाकते. शौचकूप, स्वच्छ पाणी आणि साबणाने धुतलेले हात यांचा उंचीशी संबंध असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

तिसऱ्या काळाकडे मात्र आपले दुर्लक्ष अधिक आहे. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की तिची उंची झपाट्याने वाढते. न्हाण आल्यानंतर ही वाढ मंदावते. त्यापुढे सरासरीने पाच ते सात सेंटिमीटर एवढीच उंची वाढावयाची राहते. म्हणजे ज्या वयात मुलीस सर्वांत अधिक अन्न लागते, नेमक्या त्याच वयात ‘आता मोठी झालीस, खेळणे पुरे, हात आवर’ असे आपण तिला सांगतो. मैदान सुटते, कामे वाढतात, उपासतापास सुरू होतात. श्रावणातील सोमवार, चतुर्थी, एकादशी यांविषयी आमच्या मनात अनादर नाही. परंतु वाढत्या मुलीने दिवसभर केवळ साबुदाण्यावर राहणे योग्य नव्हे. साबुदाण्यात पीठाखेरीज फारसे काही नाही. देवास भक्ती पोहोचते, हा आमचा विश्वास आहे. त्यासाठी बारा वर्षांच्या पोरीचे पोट रिकामे ठेवण्याची गरज नाही.

येथेच लग्नाच्या वयाचा प्रश्न येतो. १९२९ साली शारदा कायदा झाला, तेव्हा मुलीचे वय चौदा ठरले. १९४९ साली ते पंधरा झाले आणि १९७८ साली अठरा. आमच्या आज्या-पणज्या शरीर पुरते वाढण्यापूर्वीच माता झाल्या. वाढत्या शरीरात गर्भ राहिला, की आई आणि मूल एकाच ताटात जेवणाऱ्या दोघांसारखी होतात, आणि दोघांचेही पोट अर्धे राहते. हे जुन्या काळचे वर्तमान म्हणून सोडून देता येत नाही. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या महाराष्ट्रीय स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी झालेले आढळले. कायदा होऊन चाळीस वर्षे लोटल्यावर पाचातील एक, हे प्रमाण आपल्या प्रदेशास भूषणावह नाही. आणि याचे मोल बाळंतपणात मोजावे लागते. १४५ सेंटिमीटरांहून ठेंगण्या स्त्रीचे बाळंतपण अडण्याचा धोका अधिक असतो, म्हणून अशा भगिनीची प्रसूती सर्व सोयी असलेल्या रुग्णालयातच व्हावी.

आता घरातील ज्या गोष्टीबद्दल बोलावयाचे, ती सर्वांत नाजूक आहे. खानदेशची भूमी अन्नान्न करणारी नाही. तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठची ही काळी जमीन आहे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी हे आपले जुने अन्न. धान्य आणि डाळ एकत्र आल्याने त्यातील प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात, हे आहारशास्त्र आज सांगते, आपल्या आज्यांनी ते केव्हाच ओळखले होते. उडदाची डाळ, शेंगदाणे, मेथी, पोकळा, अंबाडी, शेवग्याच्या शेंगा हे सारे आपल्या दारचे आहे. रावेर-यावलची केळी देशभर जातात. घरोघरी गाईम्हशी आहेत. मग उणीव कशाची?

उणीव वाटपाची आहे. दूध डेअरीला जाते. उरलेला पेला मुलाच्या हाती येतो. पुरुष जेवतात, मुले जेवतात, सासूबाई जेवतात, आणि धाकटी सून सर्वांच्या शेवटी, तळाशी उरलेल्या डाळीवर आणि गार भाकरीवर आटोपते. यात कोणाचा दुष्टपणा असतो असे नाही. ‘रीत’ म्हणून ते चालत आले आहे. परंतु या रीतीची मोजमापे आता शास्त्रज्ञांनी घेतली आहेत. डायान कॉफी, रीतिका खेरा व डीन स्पिअर्स या अभ्यासकांनी भारतीय खेड्यांतील एकत्र कुटुंबे तपासली. एकाच घरात, एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोन जावांपैकी धाकट्या जावेची मुले थोरल्या जावेच्या मुलांपेक्षा सरासरीने ठेंगणी निघाली. घर एक, उत्पन्न एक, कुळ एक. फरक केवळ सुनेच्या मानाचा. अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी २००८ साली दाखविले, की भारतात पुरुषांची उंची स्त्रियांच्या तिपटीहून अधिक वेगाने वाढत आली होती. देशाची जी काही भरभराट झाली, तिचा वाटा भावाच्या ताटात अधिक पडला आणि बहिणीच्या ताटात कमी.

आखाजीला माहेरी आलेल्या लेकीकडे पाहून आई म्हणते, ‘पोर वाळली गं माझी’. आम्ही त्या आईस आदराने विचारतो, की आपल्या घरी आलेली सून, जी दुसऱ्या कोणा आईची लेक आहे, ती आपल्या डोळ्यांदेखत वाळत असता तो शब्द आपल्या तोंडून निघतो काय?

वजनाविषयी स्वतंत्र बोलणे अवश्य आहे, कारण येथे संकट दुहेरी आहे. वरील पाहणीनुसार महाराष्ट्रातील स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के प्रमाणाहून कृश आहेत, तर सुमारे २३ टक्के प्रमाणाहून स्थूल आहेत. किलोतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो, तो साडेअठराहून कमी असल्यास स्त्री कृश समजावी. आपल्या लोकांच्या बाबतीत तो तेवीसच्या वर गेल्यास सावध व्हावे. पाच फूट उंचीच्या स्त्रीपुरते सांगावयाचे, तर ४३ ते ५३ किलो हे वजन योग्य होय. पुण्याकडील त्या स्त्रियांचे सरासरी ४२ किलो वजन या खालच्या मर्यादेच्याही आत होते, हे येथे ध्यानात येईल.

पूर्वी आपल्या स्त्रिया जात्यावर दळीत, विहिरीचे पाणी ओढीत, शेतात राबत. आज जळगाव-धुळे शहरांत चक्की, नळ, गॅस आणि मोटारसायकल आली. हे कष्ट गेले, हे उत्तमच झाले; ते परत यावेत असे आम्ही कधीही म्हणणार नाही. परंतु कष्ट गेले आणि तेलाची धार मात्र वाढली. पंगतीतील शेवभाजी, तळलेले वेफर्स, बाटलीतील गोड पेये ही रोजची झाली. ज्या मुलींचे बालपण अपुऱ्या पोषणात गेले, त्यांनाच पुढे पोटाभोवती चरबी साठून मधुमेह जडण्याचा धोका अधिक. कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरांच्या वर गेल्यास आमच्या भगिनींनी वैद्यास विचारावे आणि रोज अर्धा-पाऊण तास तरी झपझप चालावे. लठ्ठपणा हे सुखवस्तूपणाचे लक्षण मानण्याचा काळ गेला.

आणि कृश असो वा स्थूल, रक्त कमी असणे हे दोघींनाही समान आहे. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांच्या अंगी रक्त कमी आढळले. पालेभाजीवर लिंबू पिळावे; जेवणाबरोबर वा लगेच नंतर चहा घेऊ नये, कारण चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी मुली पुष्कळदा फेकून देतात. ती त्यांनी जेवणानंतर घ्यावी, असे आयांनी समजावून सांगावे.

आणखी एका वर्गाचा उल्लेख केल्यावाचून हे भाषण पुरे होणार नाही. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांत आपल्या शेतांवर ज्या भिल्ल व पावरा भगिनी मजुरीस येतात, त्यांच्या घरी हे दुःख आपल्याहून कितीतरी अधिक आहे. आदिवासी क्षेत्रात गर्भवती व स्तनदा मातांसाठी २०१५ साली महाराष्ट्र शासनाने एक वेळच्या चौरस आहाराची अमृत आहार योजना सुरू केली. आपल्या बांधावर काम करणाऱ्या गर्भार बाईस त्या जेवणासाठी सुट्टी द्यावी, त्या वेळेची मजुरी कापू नये, आणि तिला जड ओझे देऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

असो. केवळ उपदेश करून थांबणे आम्हांस आवडत नाही. मंडळापुढे आम्ही चार सूचना ठेवीत आहोत.

पहिली, प्रत्येक तालुका मेळाव्यात वजनकाटा व उंची मोजण्याची पट्टी ठेवावी, आणि आठ ते अठरा वर्षांच्या मुलींची नोंद दर सहा महिन्यांनी एका पत्रकावर करावी. ही मोजणी बंद खोलीत, महिला कार्यकर्तीच्या हातून व्हावी, आणि पत्रक मुलीच्या आईखेरीज कोणासही दाखवू नये. न्हाण येण्यापूर्वीच्या वयात जी मुलगी वर्षाला चार सेंटिमीटरही वाढत नाही, तिला वैद्यास दाखवावे.

दुसरी, मंडळाच्या सामुदायिक विवाहात वयाचा दाखला पाहिल्यावाचून कोणाचेही लग्न लावू नये, मग तो कार्यकारिणीच्या सभासदाच्या घरचा विवाह का असेना.

तिसरी, वधूवर पुस्तिकेतील ‘अपेक्षा’ या सदरातून मुलीच्या उंचीची अट काढून टाकावी. एका इंचासाठी शिकलेली, गुणी मुलगी नाकारली गेल्याची उदाहरणे आपल्या सर्वांच्या पाहण्यात आहेत. तिच्या उंचीत तिच्या आईचे गर्भारपण, तिच्या बालपणीचे दुखणे आणि तिच्या ताटात पडलेले अन्न यांचा हिशेब लिहिलेला आहे. त्या हिशेबाचा जाब मुलीस विचारणे हा न्याय नव्हे.

चौथी सूचना मंडळासाठी नसून घरासाठी आहे, आणि तिला खर्च काहीच नाही. कानबाईच्या रोटांना आपण सारे भाऊबंद एकत्र बसतो; त्या दिवशी कोणी उपाशी उठत नाही. वर्षाच्या इतर दिवशीही सून आणि लेक यांनी सर्वांबरोबर बसून, ताज्या भाकरीवर, मुलाइतक्याच दुधाच्या पेल्यासह जेवावे. हा नियम सासूबाईंनी घालून दिला, तर तो मोडण्याची छाती घरात कोणाची होणार नाही. म्हणून आमची विनंती विशेषेकरून ज्येष्ठ भगिनींस आहे. आपणही एके काळी सर्वांच्या शेवटी जेवलात. ती रीत आपल्यापाशीच थांबावी.

पहिल्या तीन सूचना आजच्या सर्वसाधारण सभेत ठरावाच्या रूपाने मांडण्याची परवानगी अध्यक्षमहाराजांनी द्यावी, अशी प्रार्थना करतो.